‘खाली भेटू’ म्हणजे नेमकं कुठे? खान्देशातल्या डोंगरांत गटाने पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी ठरली की आपल्याकडे कामं कशी वाटली जातात ते आठवा. बामणोदची वांगी कोण आणणार, पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्या, कोण गोळा करणार, भाजायला कोण बसणार, कळण्याच्या भाकरी कोणाच्या घरून येणार, सगळं आदल्या रात्री फोनवर पक्कं होतं. कांद्याची पात विसरली तर शिव्या कोणाला घालायच्या हेसुद्धा ठरलेलं असतं. तीच मंडळी पुढच्या रविवारी डोंगरात निघतात तेव्हा मात्र ग्रुपवर एकच मेसेज पडतो, ‘सकाळी सहा, बसस्टँड’, आणि त्याखाली अकरा अंगठे. कोणाला काय जमतं, पाणी किती घ्यायचं, परत कधी यायचं, काही नाही. वांग्यांना देतो तेवढा मानही आपण गुडघ्यांना देत नाही.

मी धुळ्याचा. कधी लळिंग, कधी पाटणादेवी, कधी तोरणमाळ, असं मित्रांना आणि नातेवाइकांना घेऊन फिरणं बरीच वर्षं चालू आहे. मी प्रशिक्षित गिर्यारोहक नाही, त्यामुळे दोर आणि कडे यांतलं इथे काही मिळणार नाही. आमच्या गटात जे जे बिघडलं ते जवळपास दरवेळी आधी बोलण्यात बिघडलं, पाय नंतर घसरला. म्हणून हा लेख बोलण्याबद्दल.

आधी आमची फजिती

चाळीसगावकडच्या पाटणादेवीजवळचा कण्हेरगड. आम्ही सात जण. गड पाहून उतरताना तिघांना सीतेची न्हाणी म्हणतात ती लेणी पुन्हा नीट पाहायची होती, फोटो काढायचे होते. उरलेल्या चौघांना भूक लागली होती. मीच ओरडलो, “तुम्ही बघून घ्या, खाली भेटू!” वरून आवाज आला, “हो हो!” संपलं बोलणं.

आमच्यासाठी ‘खाली’ म्हणजे चंडिकादेवीचं मंदिर, कारण डबे तिथे उघडायचे होते. त्यांच्यासाठी ‘खाली’ म्हणजे सकाळी जिथे आम्ही पाणी पिऊन चढायला सुरुवात केली ते झाड. आम्ही मंदिरात तासभर थांबलो, ते झाडाखाली तासभर थांबले. मग त्यांना वाटलं, आम्ही अजून उतरलोच नाही, कोणाला तरी लागलं असेल. बिचारे आम्हाला शोधायला पुन्हा वर चढले. आम्हाला वाटलं, ते अजून वरच आहेत, आणि तेही आता खरंच होतं! तिघांपैकी एकाचा फोन माझ्या पिशवीत, दुसऱ्याची बॅटरी फोटोंनी खाल्लेली, तिसऱ्याला रेंज नाही. भेट झाली तेव्हा अंधार पडला होता. मंदिर आणि ते झाड यांत चालत पंधरा मिनिटांचंसुद्धा अंतर नव्हतं.

पाटणादेवीच्या याच पाटण गावात गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा शिलालेख आहे, इ.स. १२०७ च्या सुमाराचा. गणिताच्या त्या गावात आम्हाला सात माणसं मोजता आली नाहीत.

तेव्हापासून आम्ही जे करतो ते क्रमाने सांगतो.

१. निघण्याआधी एकदा समोरासमोर बसा

दोन दिवस आधी चहाला भेटा. गट चार ते आठ जणांचा ठेवा. तिघांत एकाला लागलं तर त्याच्याजवळ थांबायला एक आणि मदत आणायला एक, एवढेच उरतात. दहाच्या पुढे गेलात की आपोआप दोन गट पडतात आणि ते पडल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही.

या भेटीत “सगळे फिट ना?” असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ असंच असतं. आपल्याकडे पंगतीत पोट भरल्यावरही आग्रह मोडवत नाही, तिथे चार लोकांसमोर ‘मला जमणार नाही’ कोण म्हणेल? असं विचारा: सलग तीन तास शेवटचं कधी चाललात? कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि त्या उद्या कोणत्या खिशात असतील? दरीच्या कडेने चालताना भीती वाटते का? आणि घरी किती वाजता पोचायलाच पाहिजे?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण सगळ्यात जास्त माहिती तोच काढून देतो. कोणाची रात्रपाळी असते, कोणाला चाळीसगावहून संध्याकाळची गाडी गाठायची असते, कोणाचं लहान मूल आजीकडे असतं. हे आधी कळलं नाही, तर दुपारी दोननंतर तो माणूस गटाला घाईत ओढायला लागतो आणि कारण सांगत नाही. उतारावरची घाई म्हणजे मुरगळलेला घोटा.

वयाचंही एक असतं. गटात साठीकडे झुकलेले नाना आणि विशीतली भाचरं असली, तर भाचरं नानांना ‘तुम्ही हळू चालता’ म्हणणार नाहीत आणि नाना ‘दमलो’ म्हणणार नाहीत. अशा वेळी नानांना बाजूला घेऊन एकट्याने विचारायचं. आमच्या नानांनी असंच एकदा हळूच सांगितलं की बीपीची गोळी सकाळी घेतली की दोन-तीन वेळा लघवीला थांबावं लागतं आणि पोरांसमोर लाज वाटते. त्या दिवसापासून आम्ही दर चाळीस मिनिटांनी ‘फोटोसाठी’ थांबतो. नानांना माहीत आहे, मला माहीत आहे, बस.

कोण कशासाठी येतंय, तेही तिथेच काढून घ्या. एकाला माथा गाठायचा असतो, दुसऱ्याला पक्षी पाहायचे असतात, तिसरीला नवऱ्याने ओढून आणलेलं असतं. ‘माथा नाही झाला तरी चालेल का?’ असं प्रत्येकाला विचारा. वर गेल्यावर हाच वाद होतो, आणि तिथे तो उन्हात होतो.

मग वेळेचा हिशेब. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा आजही वापरात आहे: सपाटीला ताशी पाच किलोमीटर आणि चढाईच्या दर सहाशे मीटरला एक तास जास्त. जाऊन-येऊन सहा किलोमीटर चाल आणि चारशे मीटर चढ असेल तर एक तास बारा मिनिटं अधिक चाळीस मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या आत. हे चालण्याची सवय असलेल्या माणसाचं झालं. नवखा गट, त्यात फोटो, पाणी, डबा, म्हणून मी सरळ दुप्पट धरतो आणि तरी अर्धा तास उशीरच होतो. या हिशेबातून परत फिरायची वेळ काढा आणि ती भेटीतच मोठ्याने ठरवा: ‘साडेबाराला जिथे असू तिथून मागे.’ डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आत सूर्य बुडतो, आणि डोंगराच्या पूर्वेच्या अंगाला अंधार त्याच्याही आधी उतरतो.

महिन्याबद्दल फार बोलत नाही. मार्चनंतर जळगाव-भुसावळकडे पारा कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत डोंगर चढायला निघालेल्या गटाचा संवाद सुधारून उपयोग नाही, त्यांनी घरी बसावं.

२. कामं वाटा, आणि शेवटच्याला मान द्या

पुढे चालणारा लीड, शेवटी चालणारा बॅक-लीड, घड्याळ पाहणारा एक, औषधांची पिशवी एकाकडे. एवढी चार नावं पक्की झाली की निम्मं काम झालं.

नवख्या गटांत सर्वांत जोराचा माणूस पुढे पळतो आणि सर्वांत दमलेला आपोआप शेवटी राहतो. म्हणजे ज्याला मदत लागणार त्याच्या मागे कोणीच नाही. बॅक-लीड म्हणून तुमच्यातला दोन नंबरचा भक्कम माणूस ठेवा आणि त्याला सांगा की तुझ्या मागे कोणी राहिलं तर जबाबदारी तुझी. सगळ्यात हळू चालणाऱ्याला लीडच्या पाठोपाठ चालवा. वेग त्याचाच. पोरं सुरुवातीला कुरकुर करतात, तासाभरात गप्पांत रमतात.

घड्याळवाला मुद्दाम वेगळा माणूस असावा. लीडला माथा दिसत असतो, त्याला घड्याळ दिसत नाही. आमच्याकडे हे काम एका शाळामास्तरीण ताईंकडे असतं. “अर्धा तास राहिला,” असं त्या ज्या आवाजात म्हणतात, त्यापुढे कोणाची टाप नाही.

वाटाड्या घेतलात तर (सातपुड्यात घ्याच, आणि यावल किंवा गौताळा अभयारण्यात शिरताना वन विभागाच्या चौकीवर नोंद, परवानगी जे लागेल ते करूनच पुढे जा) पहिल्या दहा मिनिटांत त्याच्याशी दोन गोष्टी बोला. एक, आमच्यातला सगळ्यात हळू माणूस हा. दोन, आम्हाला संध्याकाळी इतक्या वाजता खाली यायचं आहे. वाट त्याची, पण थांबायचं की परत फिरायचं हे गटाचं. पैसे किती ते आधीच ठरवा, नंतरची घासाघीस दोघांनाही लाजवते. होळीच्या आठवड्यात मात्र वाटाड्या मिळेल ही आशा सोडा. होळीआधीचा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार सोडून तुमच्यासोबत डोंगर कोण चढेल?

३. घरी एक चिठ्ठी ठेवा

गटात नसलेल्या एका शहाण्या माणसाकडे एवढं लिहून द्या:

कोण कोण गेलंय आणि प्रत्येकाच्या घरचा एक नंबर.
गाडीचा नंबर, गाडी कुठे उभी असेल.
कुठून चढणार, कुठून उतरणार.
किती वाजता फोन येईल, आणि किती वाजेपर्यंत आला नाही तर काळजी करायची.

‘संध्याकाळी येतो’ ही वेळ नाही. ‘साडेसहाला फोन करतो, आठपर्यंत आला नाही तर ११२ ला कळव’ ही वेळ आहे. वाट बदलली तर रेंज असतानाच त्याला कळवा. नंदुरबारकडच्या अक्राणी, धडगावच्या भागात रेंज भेटली तर भेटली, म्हणून चांदशैली घाटात शिरण्याआधी तळोद्यातच शेवटचा फोन उरकून घ्यायचा.

४. पायथ्याशी दहा मिनिटं

गाडीतून उतरल्यावर सगळ्यांना चालायची घाई असते. तरी गोल करून उभे राहा आणि ठरलेलं पुन्हा मोठ्याने बोला. पाणी किती आहे ते प्रत्येकाने बाटली वर करून दाखवायचं, तोंडी ‘आहे आहे’ चालत नाही. फोन आपापल्या अंगावर. औषधं कोणत्या पिशवीच्या कोणत्या कप्प्यात आहेत ते निदान दोघांना माहीत पाहिजे, कारण पिशवीवालाच पडला तर?

मोजणीची आमची पद्धत अशी: प्रत्येकाला आकडा. मी एक, बॅक-लीड सात. थांबलो की पुढून मागे आकडे बोलत जायचे. तिसरा गप्प राहिला की चौथ्याला लगेच कळतं. लीडने डोकी मोजण्यापेक्षा हे बरं, कारण मोजणारा स्वतःला विसरतो. आमच्याकडे असं खरंच झालंय. सहाच भरतात म्हणून दहा मिनिटं शोधाशोध केली आणि सातवा मी होतो.

शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. पिशवीच्या तळाशी असलेली शिट्टी म्हणजे घरी असलेली शिट्टी. आमच्या गटाचे इशारे: एक लांब म्हणजे ‘थांबा’, दोन म्हणजे ‘मी इथे आहे, ठीक आहे’. मदतीची खूण मात्र आपण ठरवायची नसते. डोंगरांत ती अनेक देशांत चालत आलेली आहे: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन वाजवून उत्तर द्यायचं. रात्री टॉर्चनेही हेच. म्हणून गंमत म्हणून शिट्टी वाजवायची नाही, हे लहान मुलांना आणि त्याहून जास्त मोठ्या मुलांना बजावा.

वॉकी-टॉकी हवेत का? दहा जणांच्या आत नसले तरी चालतं. घ्यायचेच असतील तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले कमी शक्तीचे सेट भारतात विनापरवाना वापरता येतात, ते नीट पाहून घ्या. परदेशी व्हिडिओ पाहून सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर मात्र मागवू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे.

५. चालताना

पहिला नियम: प्रत्येकाला आपल्या मागचा माणूस दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचाही थांबतो, आणि ही साखळी लीडपर्यंत जाते. ओरडावं लागत नाही.

दुसरा नियम: फाटा आला की सगळे जमेपर्यंत कोणीही पुढे जायचं नाही. दगडावर बाण काढून किंवा फांदी ठेवून पुढे सटकणारे असतात. गुरं ती फांदी खातात. फाट्यावर थांबल्यावर शेवटचा पोचला की लगेच उठायचंही नाही. पुढच्यांची विश्रांती झालेली असते, त्याची व्हायची असते. त्याला पाच मिनिटं पूर्ण द्या. या एका गोष्टीवरून मी लीडची पारख करतो.

तिसरा, आणि खाली-भेटूच्या प्रकरणातून शिकलेला: निरोप मिळाला की ‘हो’ म्हणायचं नाही, निरोप परत बोलून दाखवायचा. मी म्हणालो, “मंदिराच्या दारात, दीड वाजता.” समोरच्याने म्हणायचं, “मंदिराच्या दारात, दीड वाजता.” विमानाचे पायलट आणि कंट्रोल टॉवर असंच बोलतात. सुरुवातीला नाटकात काम केल्यासारखं वाटतं. पण त्या दिवशी वरून ‘हो हो’च्या ऐवजी ‘झाडाखाली, ठीक!’ असं ऐकू आलं असतं, तर मी तिथल्या तिथे म्हणालो असतो, “झाड नाही रे भो, मंदिर!”

‘वर’, ‘खाली’, ‘पुढे’, ‘तिकडे’, ‘थोड्या वेळात’ हे शब्द आम्ही डोंगरात बंद करून टाकले आहेत. जागेचं नाव घ्यायचं आणि घड्याळाचा आकडा घ्यायचा. सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराच्या यात्रेला, धनत्रयोदशीच्या वेळी, रात्रीच्या अंधारात हजारो माणसं एका वाटेने चढतात-उतरतात. तिथे ‘पुढे भेटू’ म्हणालात तर सकाळपर्यंत भेटत नाही.

गावकऱ्यांना वाट विचारतानाही प्रश्न नीट घडवावा लागतो. “दादा, ही वाट वर जाते ना?” याला माणूस हो म्हणतो, कारण तुम्हाला ‘नाही’ ऐकायचं नाही हे त्याला दिसतं. “ही वाट कुठे जाते?” असं विचारा. अंतराचंही तसंच. “आठेन कितलं दूर शे?” (इथून किती लांब आहे?) असं अहिराणीत विचारलं की आजोबा हात हलवून म्हणतात, “आठेच शे!” (इथेच आहे!) ते ‘आठेच’ दहा मिनिटांचं असतं किंवा दोन तासांचं. “तुम्ही भाकर खाऊन निघाले तर परत कधी येता?” असं विचारलं की खरा आकडा मिळतो, आणि मग तो दुप्पट करायचा, कारण त्यांचे पाय आपले नाहीत. सातपुड्यात पाड्यांवर पावरी किंवा भिलोरी बोलतात, मराठी दुसरी भाषा असते. तिथे वाक्यं छोटी करा, आवाज मोठा करू नका. भाषा कमी कळणाऱ्याशी आपण बहिऱ्यासारखे का बोलतो, कोण जाणे.

जाता जाता एक: मोबाइलला शेवटची रेंज कुठे होती ते प्रत्येक वेळी मोठ्याने बोला. ‘या वळणावर दोन कांड्या.’ गरज पडली तर धावायचं कुठे, ते ठरलेलं राहतं.

६. ‘नको’ म्हणायची सोय

इयन मॅकॅमन या अमेरिकी संशोधकाने बर्फाळ डोंगरांतल्या हिमस्खलनाच्या ७१५ अपघातांचा अभ्यास २००४ मध्ये मांडला. आपल्याकडे बर्फ नाही, पण त्याने दाखवलेले सापळे वाचताना मला आमचाच गट दिसला. धोक्याच्या खुणा समोर असूनही माणसं पुढे जातात, कारण जागा ओळखीची असते, कारण ठरवलेलं सोडवत नाही, कारण बाकीचे जातायत, कारण लीडला सगळं कळतं असं वाटतं.

हे शेवटचं मला सगळ्यात घातक वाटतं. लीड पाच वेळा त्या गडावर जाऊन आलेला असतो, म्हणून सगळे डोकी घरी ठेवून येतात. आणि लीडला तरी काय माहीत असतं? पाच वेळा बरं झालं, एवढंच.

उपाय म्हणून आम्ही दोन गोष्टी करतो. निर्णयाच्या जागी, म्हणजे ओढा, घसरडा कडा, उशीर, आधी सर्वांत लहान किंवा सर्वांत नवा माणूस बोलतो. मग क्रमाने मोठे. लीड शेवटी. मोठा माणूस आधी बोलला की बाकीच्यांची मतं तिथेच संपतात, हे कुठल्याही घरात पाहा. दुसरं, एकाचं ‘नको’ पुरेसं. बहुमत घ्यायचं नाही, कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, परतीच्या वाटेवर चिडवायचं नाही. हे चिडवणं बंद केलं नाही तर नियम कागदावर राहतो.

पहिल्यांदा हे आमच्या एका भाचीने वापरलं. पावसाळा संपता संपता एका नाल्याशी आलो. पाणी गुडघ्याच्या खाली, अंतर वीस पावलं. सहा जण तयार. ती म्हणाली, “मामा, मला नको वाटतंय. मघाशी पाणी निवळ होतं, आता गढूळ आहे आणि काड्या येतायत.” मी पाहिलं नव्हतं. आम्ही काठावर वर चढून बसलो. पाऊण तासात पाणी मांडीपर्यंत आलं. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पाऊस वरच्या डोंगरात कुठेतरी पडला होता. पाणी ओसरलंच नाही, आम्ही लांबच्या वाटेने आलो, घरी रात्री अकरा. कोणी चिडवलं नाही. (नाल्याचं साधं गणित: गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर उतरायचं नाही. उतरायचंच तर पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून.)

‘दमलो’साठीही आमच्याकडे एक वाक्य आहे. कोणीही म्हणायचं, “मी थकी गऊ!” अहिराणीत म्हटलं की सगळे हसतात आणि थांबतात. ‘मी दमलो’ म्हणायला लाजणारे याला लाजत नाहीत. तुमच्या गटाचं तुम्ही काही शोधा.

७. बिघडलंच तर

अडचणीत एकच आवाज. लीड बोलेल, बाकीचे ऐकतील. लीडलाच लागलं तर बॅक-लीड. हे पायथ्याशीच सांगून ठेवा.

आग्यामोहोळ उठलं तर चर्चेला वेळ नसतो. कड्याकपारी, लेणी, जुनी झाडं असलेल्या कुठल्याही जागी हा धोका आहे. आरडाओरडा, धूर, उग्र अत्तर तिथे टाळायचंच. उठलंच तर लीडने एक शब्द ओरडायचा, आमच्याकडे ‘माशा!’, आणि प्रत्येकाने तोंड-डोकं झाकून, हात न झटकता, आल्या वाटेने लांब निघायचं. जमायची जागा? शेवटचा फाटा. म्हणून प्रत्येक फाट्यावर थांबल्यावर आम्ही म्हणतो, “काही झालं तर इथे.” दोन सेकंदांचं काम आहे.

कोणाला लागलं आणि मदत बोलवायची तर फोन लावण्याआधी कागदावर लिहा: जागा कुठली आणि जवळचं गाव कुठलं, किती जण, काय झालंय, शुद्धीवर आहे का, काय हवंय, परत फोन कोणत्या नंबरवर. घाबरलेला माणूस फोनवर सगळं सांगतो आणि जागा विसरतो. नंबर ११२, रुग्णवाहिकेला १०८, वन विभागाची हेल्पलाइन १९२६. कॉल लागत नसला तरी एसएमएस कधी कधी निघून जातो, तो करून बघा. रेंजपर्यंत माणूस पाठवायचा तर दोघांना, कागद देऊन. एकट्याला पाठवलं आणि तो वाट चुकला तर आता शोधायचे दोन झाले. जखमीजवळ बोलकं माणूस ठेवा, रडवं नको.

भांडणं होतात. भूक आणि ऊन यांनी होतात, बहुतेक एक ते तीनच्या दरम्यान. तेव्हा वाद मिटवायचा प्रयत्न करू नका, भाकरी-ठेचा काढा. खाऊनही तो वाद उरला तर तो खरा, त्याचं बघा.

८. उतरल्यावर, गाडीत बसायच्या आधी

पुन्हा आकडे बोला. मग चहाच्या टपरीवर पंधरा मिनिटं, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न: आज तुला कुठे भीती वाटली किंवा कुठे बोलायचं राहून गेलं? सुरुवात लीडने करायची आणि स्वतःची चूक सांगून करायची. मी एकदा सांगितलं की वरच्या फाट्यावर मला वाट आठवत नव्हती आणि मी अंदाजाने डावीकडे वळलो. दोन मिनिटं शांतता. मग नाना म्हणाले, “मला माहीत होतं ती चुकीची आहे. पण तू एवढा जोरात निघाला, म्हटलं असेल काही.” शाळामास्तरीण ताईंनाही तसंच वाटलं होतं. सातपैकी तिघांच्या मनात शंका होती आणि चाळीस मिनिटं आम्ही सगळे चुकीच्या वाटेने चाललो होतो.

ही बैठक दुसऱ्या दिवशीवर ढकलली की होत नाही. ग्रुपवर फोटो पडतात, सगळे ‘भारी झाला ट्रेक’ म्हणतात.

पहिला ट्रेक म्हणून कुठे जायचं असं विचाराल तर लळिंग. धुळ्याजवळ, महामार्गाला लागून, अर्ध्या दिवसात आटोपतो आणि रेंज असते. तिथे हे सगळं नाटक करून पाहा. आकडे, शिट्ट्या, निरोप परत बोलणं, एकदा खोटं-खोटं ‘नको’ म्हणणंही. मग कण्हेरगड, मग वाटाड्या घेऊन तोरणमाळची सीताखाई आणि पुढचं.

आणि चहा संपला की घरी चिठ्ठी दिलेल्या त्या माणसाला फोन करा. आम्ही एकदा विसरलो. तो माणूस आठ वाजता ठरल्याप्रमाणे ११२ ला फोन लावून मोकळा झाला, आणि आम्ही पारोळ्याच्या अलीकडे शेवभाजीवर ताव मारत होतो.